विहिरीजवळच्या झाडाचे चिकू

त्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमला सकाळपासून वारा सुटला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, आणि पाऊस असा की पडतोय म्हणावं तर अंग भिजत नाही, नाही म्हणावं तर चष्म्यातून काही दिसत नाही. आमच्या चिखले गावाला किनाऱ्यावर वारा येतो तो निदान खारा असतो, त्याला चव असते. या वाऱ्याला चवच नव्हती. माझ्याबरोबर आलेल्या जगूची छत्री उलटी झाली, त्यानं सरळ केली, परत उलटी झाली. शेवटी त्यानं छत्रीला हात जोडले आणि तिला कचऱ्याच्या डब्यात उभी करून आला. टूरचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी विमान.

एका बसमध्ये डहाणू-तलासरीची माणसं पंधरवडाभर कोंडली की किस्से साचतात. वाडीत झाडाखाली पाला साचतो ना, तसे. रोज झाडलं तर कळत नाही, चार दिवस हात लावला नाही की पाय बुडतो. माझा आता पाय बुडायला लागलाय, म्हणून झाडायला बसलो.

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं मला साठीनंतर आली, तीही एकेक करून, पाहुणे येतात तशी. घरात वाचता येणारा मी एकटाच. आमच्या हिला जे काही वाचून दाखवायचं ते मीच दाखवतो. तेव्हा यातलं काय वाचायचं आणि काय गाळायचं ते माझ्या हातात आहे. म्हणून सगळं लिहितो.

आमचा नितीन जर्मनीत असतो. आठ वर्षं झाली, घरी आलेला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणतो. एक दिवस त्याचा फोन आला, “बाबा, तुमचं नि आईचं बुकिंग केलंय. युरोपची टूर. मी मध्येच येऊन भेटतो!”

मी म्हटलं, “अरे, मग तुझ्या घरीच येतो की थेट.”

“घर लहान आहे हो बाबा.”

आम्ही पाच जणं एका खोलीत वाढलो. पण तिकडे लहान म्हणजे किती लहान असेल, आपल्याला काय माहीत!

हिचे गुडघे गेलेले. ती म्हणाली, “मी बसमध्ये चढू का उतरू? तुम्ही जा.” मग तिच्या जागी जगू आला. जगू आमचा शेजारी. त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्यात एकच कुंपण, आणि त्या कुंपणावरून आमचं चाळीस वर्षं भांडण. वहिनी येत नाही म्हटल्यावर म्हणाला, “या काशाला एकट्याला सोडलं तर तो विमानाच्या दारातच चप्पल काढून बसेल. मी जातो!”

निघायच्या दिवशी हिनं विहिरीजवळच्या झाडाचे चिकू काढवले. नितीन लहानपणी त्याच झाडावर असायचा. पिकायची वाट बघायचा नाही, कच्चाच खायचा, आणि मग चिकानं ओठ चिकटले की मुका होऊन आईसमोर उभा राहायचा. हिनं डझनभर चांगले दगडासारखे कच्चे चिकू निवडले, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधले आणि म्हणाली, “एक तरी त्याच्या पोटात गेला पाहिजे. आणि त्यानं खाल्ला की बिया घेऊन या.”

“बिया कशाला?”

“तुमच्या तोंडावर माझा विश्वास नाही. तुम्हाला कुणी येतो म्हटलं तरी तुम्ही आला म्हणून सांगता.”

*

पहिला किस्सा कुत्र्याचा.

पॅरिसच्या विमानतळावर आम्ही बॅगा घेऊन रांगेत उभे. तेवढ्यात आमची टूर मॅनेजर स्नेहल, मुंबईची पोर, चटपटीत, ती सगळ्यांना म्हणाली, “कोणी फळं आणली नाहीत ना? इकडे चालत नाहीत हं!”

ही गोष्ट माझ्या कानावर आली तेव्हा समोर कुत्रा आलेला होता! पट्टा बांधलेला, शहाणा दिसणारा, बॅगा हुंगत हुंगत येत होता. फडकं माझ्या खांद्याच्या पिशवीत.

कुत्रा माझ्याजवळ आला, पिशवी हुंगली आणि पुढे गेला. कच्च्या चिकूला वास नसतो.

जगूच्या बॅगेजवळ मात्र त्यानं बैठकच मारली. हलायला तयार नाही. जगू म्हणाला, “अरे, हा आमच्या मोत्यासारखाच बसतो रे!” साहेबानं बॅग उघडायला लावली. पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, आणि सगळ्यात आत सुके बोंबील! डहाणूच्या बाजारातले, निवडून घेतलेले.

साहेब दोन पावलं मागे सरकला. दुसऱ्या साहेबाला बोलावलं. तोही मागे सरकला. दोघं काहीतरी बोलले, आणि पहिल्यानं ती पिशवी दोन बोटांत धरून परत जगूच्या हातात दिली. मासे चालतात म्हणे!

“नियमानं परत दिले की वासानं, ते काय कळलं नाही,” जगू म्हणाला. “पण त्या कुत्र्याला आता युरोपातलं काही गोड लागायचं नाही!”

*

नितीननं सांगितलं होतं, “पॅरिसला टॉवरखाली थांबा बाबा, मी येतो.”

सगळी बस टॉवरवर गेली. स्नेहल म्हणाली, “काका, तुमचं तिकीट काढलंय, चला ना.” मी म्हटलं, “तू जा बाय, मी खालीच बरा.” जगूनं तोवर चिकूची आणि बियांची गोष्ट सगळ्या बसला सांगून टाकली होती, त्यामुळे कुणी आग्रह केला नाही.

पण टॉवरखाली म्हणजे कुठे? त्याला पाय चार! एका पायाशी उभा राहिलो की वाटायचं, तो दुसऱ्या पायाशी आला असेल. तिकडे गेलो की वाटायचं, आधीच्या पायाशी आला असेल. मी आपला प्रदक्षिणा घालत राहिलो. एक फोटोवाला मला प्रत्येक फेरीला नव्यानं विचारायचा, फोटो काढू का म्हणून.

वरून जगूचा फोन. “काशा, अख्खं पॅरिस दिसतंय रे इथून!”

“नितीन दिसतो का?”

“माणसं मुंग्यांएवढी दिसतात.”

“चालीवरून ओळख. डावा खांदा पाडून चालतो तो.”

जगू म्हणाला, “बघतो.”

खाली आल्यावर हंसाबेन मला बाजूला घेऊन सांगायला लागल्या. हंसाबेन तलासरीच्या, नाक्यावर त्यांचं कपड्यांचं दुकान, निम्मं गुजराती निम्मं मराठी बोलणाऱ्या. म्हणाल्या, “काशीभाई, जगूभाईंनी टावर तर बघितलाच नाय! आखो टाइम जाळीला नाक लावून खालीच बघत होते. मी बोलली, चक्कर येते का? तर बोलले, माणूस शोधतोय.”

नितीनचा निरोप बसमध्ये बसल्यावर आला. पॅरिस लांब पडतं बाबा. स्वित्झर्लंडला नक्की.

*

टूरच्या बसचा एक रिवाज असतो. आपली सीट रोज बदलते. आज मागे असलात तर उद्या दोन ओळी पुढे, म्हणजे सगळ्यांना पुढची काच मिळते. पुढच्या सीटसाठी माणसं जीव टाकतात. एकदा तर नवरा-बायकोत वाद झाला, बायको पुढे गेली आणि नवऱ्याशी पुढचा देश येईपर्यंत बोलली नाही!

आमची पुढची पाळी आली. बसलो तर पायाखालून गरम हवा! हीटर तिथेच. मी चिकूला हात लावून बघितला आणि उठलो. स्नेहलला म्हटलं, “बाय, आम्हाला एकदम मागे बसव.”

“मागे? का हो काका?”

“इथे हे पिकतील.”

“काका, इतक्या टूर केल्या मी, मागची सीट मागणारे तुम्ही पहिले!”

जगू उठेना. “मला समोरून डोंगर बघायचाय. तुझे चिकू ठेव मागे, मी इथे बसतो.” मी म्हटलं, बस. मी मागे जाऊन बसलो. थोड्या वेळानं बॅग ओढत जगू आला आणि माझ्या शेजारी धपकन बसला. तेव्हापासून शेवटपर्यंत आम्ही दोघं शेवटच्या सीटवर. आपल्याकडे उन्हाळा, पण इथे थंडीनं दात वाजायचे. रोज कुणीतरी विचारायचं, डोंगर दिसला का? जगू म्हणायचा, “दिसला की! पाठमोरा दिसला. आमच्या वाट्याला सगळं निघून जातानाच येतं!”

*

स्वित्झर्लंडच्या हॉटेलात खोली भट्टीसारखी तापवलेली. मी खिडकी उघडली, बाहेरच्या कठड्यावर फडकं पसरलं आणि चिकू ओळीनं मांडले. जेवढे थंड राहतील तेवढे थांबतील. नितीन येईपर्यंत त्यांना थांबवणं, एवढंच माझं काम.

बर्फ बघून संध्याकाळी परत आलो तर कठडा रिकामा! फडकं घडी करून टेबलावर, चिकू गायब!

मी तिथेच खाली बसलो. जगू खोलीभर पलंगाखाली, कपाटात शोधायला लागला. “पक्ष्यांनी नेले असतील.” मी म्हटलं, “पक्षी घडी घालून जातात का?”

स्नेहलनं खाली फोन केला, दोन मिनिटं बोलली आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागली. साफसफाईच्या बाईला वाटलं बटाटे आहेत! खोलीत कुणी स्वयंपाक करतंय म्हणून तिनं उचलून किचनमध्ये जमा केले.

आम्ही धावलो. म्हणजे जगू धावला, मी माझ्या चालीनं गेलो. किचनमध्ये उंच पांढरी टोपी घातलेला आचारी उभा. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धा सोललेला चिकू. कच्च्या चिकूचा चीक त्याच्या बोटांना लागलेला. सुरी बोटांना चिकटलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि तो बटाट्याकडे असा बघत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदा बटाट्यानं त्याला फसवलं!

जगू मला म्हणाला, “याला नितीनसारखं ओठाला लावू देऊ नको, नाहीतर सकाळचा नाश्ता कोण देईल!”

दोन चिकू गेले. उरलेले त्या आचाऱ्यानं कसे परत दिले माहीत आहे? अंड्यांच्या ट्रेमध्ये. एकेका खळग्यात एकेक, वर कागदी रुमाल झाकून. हातांनी माफी मागत. त्यानंतर ते चिकू ट्रेमध्येच राहिले. माझ्या मांडीवर.

नितीनशी बोलणं झालं. “बर्फ बघितला ना बाबा? मजा आली ना? तिकडे फार लांब पडलं असतं. आता जर्मनीत येताच आहात तुम्ही. माझं गाव तुमच्या रस्त्यावरच आहे.”

*

रस्त्यावरच होतं ते खरंच.

नितीननं कधीतरी पाठवलेल्या पार्सलच्या खोक्यावर त्याच्या गावाचं नाव होतं. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण ते नाव मी चित्र बघावं तसं बघून ठेवलं होतं. मधे दोन उंच काठ्या, शेवटी एक गोळा. जर्मनीतल्या त्या मोठ्या रस्त्यावर निळ्या पाट्या सपासप मागे जात होत्या, आणि एकीवर मला तेच चित्र दिसलं. दोन काठ्या, एक गोळा.

मी जगूचा हात धरला. “हेच.”

“काय हेच?”

“नितीनचं गाव.”

जगू ताडकन उभा राहिला आणि मागून ओरडला, “मॅडम, बस थांबवा, मला लागलीय!”

स्नेहल म्हणाली, “काका, आत्ताच तर थांबलो होतो!”

“तेव्हा नव्हती लागली, आता लागलीय!”

बस मधेच थांबत नाही, ड्रायव्हरचा टाइम ठरलेला असतो, असं स्नेहल समजावायला लागली. तेवढ्यात हंसाबेन उठल्या. “मने पण जायचंय.” मग त्यांच्या मागच्या. मग बोर्डीचे एक मास्तर, त्यांची मंडळी. बघता बघता अख्खी बस उभी! कुणी पोट धरलंय, कुणी कंबर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जगूची बियांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि माझं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

आमचा ड्रायव्हर मारेक, पोलंडचा, गंभीर गडी. टूरभर कुणाशी दोन शब्द बोलला नाही. त्यानं आरशात बघितलं. चाळीस माणसं एकाच वेळी पोट धरून उभी! त्याचा चेहरा पडला. त्यानं स्नेहलला हळूच विचारलं, “बोंबील?”

तेवढा एक शब्द तो आमच्याकडून शिकला होता.

बस पेट्रोल पंपावर थांबली. सगळे उतरून रांगेत उभे राहिले, आणि रांग पुढे सरकेना, कारण पहिला माणूस आतच जाईना! मी फोन लावला. मला नीट ऐकू येत नाही म्हणून जगूनं स्पीकरवर टाकला.

“नितीन, मी आलो रे. तुझ्या गावाच्या पाटीखाली आहे.”

पलीकडून एक लहान पोर बोललं. काय बोललं ते कळलं नाही, त्यांच्या भाषेत होतं. पण त्यात मधे मधे “पापा, पापा” होतं.

“कोण रे?” मी विचारलं.

“टीव्ही आहे बाबा.”

टीव्ही रडायला लागला. कुणीतरी बाई त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली असं वाटलं, कारण रडणं लांब लांब गेलं.

“बाबा, आज अजिबात शक्य नाही हो. तुम्ही अ‍ॅमस्टरडॅमला शेवटी आहात ना? तिथे येतो. गाडी घेऊन येतो. नक्की.”

“बरं,” मी म्हटलं. “चिकू आहेत. ते पिकत आलेत.”

“हो बाबा, हो.”

फोन बंद झाला. जगूनं तो माझ्या खिशात ठेवला, वरून खिसा थोपटला. रांगेतून हंसाबेननी विचारलं, “आवते का छोकरो?”

जगू म्हणाला, “अ‍ॅमस्टरडॅमला.”

सगळी रांग मुकाट्यानं बसमध्ये परत येऊन बसली. निम्म्यांनी आत पाऊलही टाकलं नव्हतं. बस सुटल्यावर जगूनं माझ्या मांडीवरचा ट्रे सरळ केला. मग म्हणाला, “टीव्ही चांगला घेतलाय त्यानं.”

“हो,” मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी चिकू पिकले.

मला सांगायची गरजच पडली नाही. हॉलंडमध्ये शिरलो आणि वास सुटला. आधी मागच्या दोन ओळींना आला, मग पुढे पुढे सरकत गेला. एरवी त्या वेळी बसमध्ये अंताक्षरी चालायची, विमानतळावर कुणाला घ्यायला कोण येणार याची चर्चा चालायची. सगळं बंद झालं. पुढून कुणीतरी म्हणालं, “घोलवड आलं वाटतं!” कुणी हसलं नाही. तिथे स्टेशनवर चिकूच्या करंड्या लावून ठेवतात, तेव्हा गाडीच्या दारात येतो तो हा वास.

एकानंही चिकू मागितला नाही. घरचं खाणं न मिळाल्यानं माणसं हॉटेलात थेपल्याच्या तुकड्यावरून भांडत होती, पण माझ्या ट्रेकडे बघून मान फिरवायची.

जगूनं एक चिकू अंगठ्यानं अलगद दाबून बघितला. “उद्याचा दिवस काढतील.”

“उद्या अ‍ॅमस्टरडॅमच आहे,” मी म्हटलं.

“परवा नाही काढणार, काशा.”

“परवा कशाला लागतंय?”

*

आता शेवटचा किस्सा. हा जगूचा आहे.

सकाळी सगळे बोटीत बसायला गेले. तिकडे गल्ल्यांतून पाणीच असतं, बोटीतून गाव दाखवतात. मी बसच्या दाराशी उभा राहिलो, ट्रे छातीशी, वर लुगड्याचं फडकं. बस कुठे उभी असेल ते स्नेहलनं नितीनला फोनवर पाठवून ठेवलं होतं. वारा फडकं उडवायचा, मी परत झाकायचो. जी गाडी जवळ येऊन हळू व्हायची, ती मला त्याचीच वाटायची. काही गाड्यांतून माणसं उतरलीही. सगळी सरळ खांद्यांची.

बोट परत आली. माणसं बसजवळ आली आणि माझ्याकडे बघून न विचारताच आत जाऊन बसली. जगू उरला.

“फोन?”

“लागत नाही,” मी म्हटलं.

स्नेहलनं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घड्याळ बघितलं. ती मारेकशी काही बोलली. मारेकनं त्याच्या समोरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्यात त्याच्या सगळ्या तासांची नोंद होते, उशीर झाला की त्याला त्रास. मग त्यानं काय केलं, इंजिन बंद केलं. खाली उतरला, बादली काढली आणि बसची पुढची काच धुवायला लागला. पाऊस पडत असताना! पूर्ण काच धुतली. पुसली. तिच्याकडे बघितलं, आणि परत पहिल्यापासून धुवायला लागला.

तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर स्नेहल माझ्याजवळ आली. “काका,” म्हणाली.

“चल बाय,” मी म्हटलं. “तुझं विमान चुकेल.”

मी चढलो. मागच्या सीटवर जाऊन बसलो. बस सुटली. पाण्याचे रस्ते संपले, मोठा रस्ता लागला. मी फडकं काढलं आणि ट्रे जगूच्या हातात दिला.

“पुढे दे.”

“काशा…”

“आज नाही खाल्ले तर उतरतील. फुकट जातील. हिनं निवडून दिलेत. पुढे दे.”

बसमध्ये खायला बंदी होती. टूरभर स्नेहलनं कुणाला शेंगदाणाही खाऊ दिला नव्हता. तिनं ट्रे येताना बघितला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. हंसाबेननी ट्रे मांडीवर घेतला, नखानं साल काढत गेल्या, फोडी करत गेल्या. अर्धी फोड, पाव फोड, सगळ्यांना. कुणी गोड आहेत म्हणालं नाही. होते मात्र गोड.

सिग्नलला बस थांबली तेव्हा एक फोड मारेकला दिली. त्यानं ती बीसकट तोंडात टाकली! अख्खी बस एका आवाजात ओरडली, “बी! बी! गिळू नको!” तो एवढा घाबरला की तोंड उघडून तसाच बसला. स्नेहलनं सांगितल्यावर त्यानं बी तळहातावर काढली, काळी, चकचकीत, टोकाला आकडी असलेली. उजेडाकडे धरून बघितली. आणि टाकली नाही. मागच्या माणसाच्या हातात दिली. ती हातोहात, ओळीओळीनं, शेवटच्या सीटपर्यंत आली.

मग जगू उठला. रुमाल पसरला आणि आरतीचं ताट फिरवावं तसा ओळीनं फिरला. ज्यानं त्यानं आपापल्या बिया त्यात टाकल्या. कशाला, म्हणून एकानं विचारलं नाही.

विमानतळावर जगू रुमाल घेऊन नळावर गेला. बिया धुतल्या, पुसल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि मांडीवर त्या निवडायला लागला. थोड्या एका बाजूला काढल्या. उरलेल्या मूठभर उचलल्या आणि उठून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकल्या!

“अरे, टाकतोस काय? हिला द्यायच्यात त्या!”

जगूनं बाजूला काढलेल्या बिया माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी बोटं मिटली. मग खिशातून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात एकच बी होती. ती त्यानं माझ्या दुसऱ्या हातात दिली.

“या नितीननं खाल्लेल्या दोन चिकूंच्या. जास्त दाखवल्यास तर वहिनीला खरं वाटायचं नाही. आणि ही एक वेगळी ठेव, काशा. ही टीव्हीतल्या पोराची.”